हृदयाचा उपचार झाला. जगणं किती सुधारलं?



आज गावोगाव, अगदी वाडी-वस्तीवरसुद्धा, एखादा तरी माणूस असा भेटतो की ज्याच्या हृदयाच्या शिरेत स्टेंट बसवलेला आहे, किंवा ज्याची बायपास झालेली आहे. असा माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला जाणारे तीन प्रश्न हमखास विचारतात. ब्लॉक किती होते? खर्च किती आला? डॉक्टर काय म्हणाले? चौथा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो : आता तुम्हाला स्वतःला कसं वाटतं, आणि काय काय करता येतं?

कारखान्याच्या भाषेत बोलायचं तर ऊस वजनाला भरला म्हणजे साखर तेवढीच पडेल असं नाही. टनेज वेगळं आणि उतारा वेगळा. हृदयाच्या उपचाराचंही तसंच आहे. शीर मोकळी झाली, अहवाल चांगला आला, हे झालं टनेज. त्या माणसाचा दिवस कसा जातो, रात्री झोप लागते का, शेतात जाता येतं का, मनातली धास्ती गेली का, हा झाला उतारा. हा उतारा मोजण्याचं शास्त्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत चांगलं विकसित झालं आहे. त्यातून जे कळलं ते आपल्या घरातल्या रुग्णाच्या रोजच्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

गुण कुणी द्यायचे?

रक्तदाब यंत्राने मोजता येतो. हृदयाचा आलेख कागदावर निघतो. पण 'मला बरं वाटतं' हे कोणत्या यंत्राने मोजायचं? त्याचं उत्तर साधं आहे. ज्याचं दुखतं त्यालाच विचारायचं, मात्र ठरावीक प्रश्न, ठरावीक पद्धतीने विचारायचे. म्हणजे आजच्या उत्तराची सहा महिन्यांनंतरच्या उत्तराशी तुलना करता येते.

अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जॉन स्पर्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अशी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती 'सिअ‍ॅटल अँजायना प्रश्नावली' म्हणून ओळखली जाते. तिच्यात १९ प्रश्न आहेत. गेल्या चार आठवड्यांत छातीत किती वेळा दुखलं किंवा दाटून आलं, जिभेखालची गोळी किती वेळा घ्यावी लागली, कपडे घालणं, आंघोळ, चालणं, चढ चढणं, वजन उचलणं यांत किती अडचण आली, उपचाराबद्दल समाधान आहे का, आणि दुखण्यामुळे जगण्यातला आनंद किती कमी झाला, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. उत्तरांवरून शून्य ते शंभर गुण निघतात. शंभर म्हणजे उत्तम.

याहून सोपीही एक रीत आहे. थर्मामीटरसारखी उभी पट्टी दाखवायची, खाली शून्य, वर शंभर, आणि विचारायचं, 'आज तुमची तब्येत या पट्टीवर कुठे आहे, तिथं खूण करा.' जागतिक आरोग्य संघटनेनेही जगण्याचा दर्जा मोजण्याची २६ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. ती घडवताना जगातल्या ज्या ठिकाणी लोकांना विचारलं गेलं, त्यांत आपल्या देशातली दिल्ली आणि मद्रास (आताचे चेन्नई) ही दोन ठिकाणं होती.

आता कुणी म्हणेल, डॉक्टरांना कळत नाही का? कळतं, पण सगळं नाही. रुग्णाला जेवढा त्रास असतो त्यापेक्षा कमी त्रासाची नोंद डॉक्टरांकडून होते, असं अनेकदा आढळलं आहे. त्यात डॉक्टरांचा दोष कमी आणि आपला जास्त. बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटं मिळतात. 'कसं आहे?' असं विचारलं की आपण म्हणतो, 'बरं हाय.' आणि चिठ्ठी घेऊन बाहेर येतो.

आधी दोन प्रकारचे रुग्ण वेगळे करा

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. हृदयाच्या शिरेचा आजार दोन रूपांत समोर येतो.

पहिलं रूप झटक्याचं. शिरेत रक्ताची गाठ होऊन रक्त अचानक बंद पडतं आणि हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो. छातीत जड दगड ठेवल्यासारखं वाटणं, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, मळमळ, दम लागणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी विचार करत बसायचं नाही. पित्त झालं असेल म्हणून सोडा पीत बसायचं नाही. १०८ ला फोन करावा आणि जवळ जिथं हृदयाचा आलेख निघतो तिथं पोहोचावं. झटक्यात वेळेवर शीर मोकळी केली तर प्राण वाचतो आणि स्नायूही वाचतो. तिथं गुणांचा हिशेब नंतरचा.

दुसरं रूप स्थिर आजाराचं. चालताना, चढ चढताना, जेवणानंतर काम करताना छातीत भरून येतं आणि थांबलं की जातं. महिनोन् महिने तेच असतं. याला अँजायना म्हणतात. या रुग्णांच्या बाबतीत उपचार निवडायला वेळ असतो आणि 'यानं माझं जगणं किती सुधारेल?' हा प्रश्न विचारायलाच हवा. पुढे ज्या मोठ्या अभ्यासांची माहिती दिली आहे ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचे आहेत. त्यांचा दाखला झटक्याच्या वेळी कुणीही देऊ नये.

कुणाला किती फरक पडतो?

बायपास शस्त्रक्रिया १९६७ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. रेने फावालोरो यांच्या हातून रुळली. फुग्याने शीर उघडण्याची अँजिओप्लास्टी १९७७ साली झुरिचमध्ये डॉ. अँड्रियास ग्रुन्टझिग यांनी प्रथम केली. औषधंही या काळात फार सुधारली. तेव्हा प्रश्न असा आला की स्थिर आजारात नुसत्या चांगल्या औषधांवर राहिलेला माणूस आणि औषधांबरोबर स्टेंट बसवलेला माणूस, यांच्या जगण्यात फरक किती?

'करेज' नावाच्या अभ्यासात २,२८७ रुग्ण होते. २००८ साली त्यांच्या जगण्याच्या दर्जाचा निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे गुण चांगले वाढले. सुरुवातीला स्टेंटवाल्यांचे गुण थोडे पुढे होते, पण तीन वर्षांनी दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले.

त्याहून मोठा अभ्यास 'इस्कीमिया' हा. त्यात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही होते. त्याचा निकाल २०२० साली छापून आला. मृत्यूच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. पण रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत जे दिसलं ते शिकण्यासारखं आहे. ज्यांना सुरुवातीला रोज किंवा आठवड्याला छातीत दुखत होतं, त्यांना स्टेंट किंवा बायपासचा चांगला फायदा झाला. तीन महिन्यांनी त्यांचे गुण नुसत्या औषधवाल्यांपेक्षा सरासरी ८.५ ने जास्त होते, आणि तीन वर्षांनीही ५.३ ने जास्त राहिले. एका वर्षानंतर अशा रुग्णांपैकी सुमारे निम्मे दुखण्यातून पूर्ण सुटले. नुसत्या औषधांवर पाचातला एक सुटला. पण अभ्यासातल्या सुमारे ३५ टक्के रुग्णांना मागच्या महिन्यात छातीत दुखलंच नव्हतं. त्यांच्यात तीन महिन्यांनी फरक होता फक्त ०.१ गुणाचा.

याचा अर्थ सरळ आहे. ज्याचं दुखणं जास्त, त्याला दुखण्यावरच्या उपचाराचा लाभ जास्त. ज्याला दुखतच नाही, त्याला त्याहून 'बरं' वाटणार कसं? पाणी तुटलेल्या उसाला पाण्याची पाळी दिली तर आठ दिवसांत फरक दिसतो. वाफसा असलेल्या रानात आणखी पाणी सोडून ऊस काही वाढत नाही.

मात्र डाव्या मुख्य शिरेत मोठा अडथळा असणं, हृदयाची ताकद खूप कमी झालेली असणं, अशा काही अवस्थांत दुखणं कमी असलं तरी शस्त्रक्रिया सुचवली जाते, कारण तिथं प्रश्न आयुष्य वाढवण्याचा असतो. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. 'यानं माझं आयुष्य वाढेल का?' हा एक. 'यानं माझं जगणं सोपं होईल का?' हा दुसरा. दोन्हींची उत्तरं दर वेळी एकच नसतात.

बरं वाटणं आणि बरं होणं

इथं आणखी एक गंमत आहे. मोठा उपचार झाला, खर्च झाला, पाहुणे भेटून गेले, की माणसाला निव्वळ त्या विश्वासानेच बरं वाटू लागतं. हे खरं की खोटं, हे लंडनच्या डॉक्टरांनी तपासून बघितलं. 'ऑर्बिटा' नावाच्या या अभ्यासाचा निकाल २०१७ साली आला. एकाच शिरेत अडथळा असलेल्या २०० रुग्णांना आधी चांगली औषधं दिली. मग त्यांच्या संमतीने अर्ध्या रुग्णांना खरा स्टेंट बसवला आणि अर्ध्यांवर सगळी तयारी करून प्रत्यक्षात स्टेंट बसवलाच नाही. कुणाला काय झालं हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांची चालण्याची ताकद मोजली. फरक निघाला सरासरी १६.६ सेकंदांचा, म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने नगण्य.

मग स्टेंट कुचकामी का? तसं मुळीच नाही. त्याच मंडळींनी २०२३ साली दुसरा अभ्यास पुरा केला. त्यात ३०१ रुग्ण होते आणि त्यांची छातीदुखीची औषधं आधी बंद केली होती. या वेळी स्टेंटवाल्यांना नकली उपचारवाल्यांपेक्षा स्पष्ट जास्त आराम मिळाला. तरीही स्टेंट बसवलेल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना थोडाफार त्रास उरलाच. म्हणजे स्टेंटचं काम खरं आहे, औषधांचं कामही खरं आहे, आणि विश्वासाचा वाटाही खरा आहे. तिन्ही एकत्र धरूनच माणूस गुण देतो.

उपचारानंतर थोडी छातीदुखी उरली म्हणून 'पैसे पाण्यात गेले' असं समजू नये, हा यातला धडा. उरलेल्या त्रासावर औषध वाढवता येतं, बदलता येतं. पण ते डॉक्टरांना सांगितलं तरच.

बायपासनंतरचा उतार आणि चढ

बायपास आणि स्टेंट यांच्यात गुणांची चाल वेगळी असते. 'सिंटॅक्स' या १,८०० रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं की पहिल्या महिन्यात स्टेंटवाल्यांचे गुण पुढे होते. पण सहा महिन्यांनी आणि वर्षानंतर छातीदुखीपासून मिळालेला आराम बायपासवाल्यांत किंचित जास्त होता.

हे आपल्या माणसांना आधी कुणी सांगत नाही. बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध उघडतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पायाची शीर काढलेली असेल तर पाय सुजतो. भूक मरते, झोप उडते, बारीकसारीक गोष्टीवरून रडू येतं. पहिल्या महिन्यात माणूस म्हणतो, 'यापेक्षा आधी बरा होतो.' हे ऐकून घरचे घाबरतात. खोडव्याचं रान छाटणीनंतर आठ दिवस उजाड दिसतं, म्हणून कुणी ते मोडून टाकत नाही. फुटवे यायला वेळ द्यावा लागतो. बायपासचे खरे गुण तीन महिन्यांनंतर बघावेत.

या काळात जड वजन उचलू नये. पाण्याची घागर, खताचं पोतं, उसाची मोळी डोक्यावर घेऊ नये. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच चालवावी. खोकताना छातीशी उशी धरावी. चालणं मात्र थोडं थोडं, रोज वाढवत न्यावं. जखमेतून पू, ताप, किंवा छातीचं हाड हलल्यासारखं 'कट्' वाजणं असं काही झालं तर ताबडतोब दाखवावं.

गुण खाली का राहतात?

शीर मोकळी, अहवाल चांगला, तरीही माणूस ओसरीवर खाट टाकून पडलेला. असं का होतं? कारणं बहुतेक वेळा छातीत नसतात.

*भीती.* झटका आलेला माणूस प्रत्येक कळेला पुन्हा झटका समजतो. मग तो शेतात जायचं सोडतो, चढ चढायचं सोडतो. त्याला विचारलं, 'छातीत दुखतं का?' तर म्हणतो, 'नाही.' खरंच आहे, दुखत नाही. कारण तो चालतच नाही! म्हणूनच चांगली प्रश्नावली दुखण्याबद्दल आणि कामाबद्दल असे दोन्ही प्रश्न विचारते.

*मनाची उदासी.* झटका आलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाचातल्या एकाला गंभीर स्वरूपाचं नैराश्य येतं. त्याचे गुण तर खाली राहतातच, पण औषधं चुकणं, तंबाखू पुन्हा सुरू होणं हेही त्यातून होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांपुढं मोकळेपणानं बोलावं.

*घरच्यांची अति काळजी.* 'दादा, तुम्ही बसा, आम्ही बघतो.' मुलगा प्रेमानं म्हणतो, सून प्रेमानं म्हणते. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं बांधावर उभं राहून हिशेब बघितला, त्याच्या हातून मोटारीच्या बटणापासून ऊसबिलाच्या पावतीपर्यंत सगळं काढून घेतलं तर त्याला वाटतं, आपण संपलो. जड काम काढून घ्यावं, पण मान आणि विचारणं काढून घेऊ नये.

*औषधांचा त्रास.* हृदयाचे ठोके कमी ठेवणाऱ्या काही गोळ्यांनी थकवा येतो, रक्तदाब उतरून चक्कर येते. त्यावर मात्रा कमी-जास्त करता येते. स्वतःच्या मनानं गोळी एकदम बंद करणं मात्र धोक्याचं.

*बायकांचं न सांगणं.* उपचारानंतर स्त्रिया स्वतःला पुरुषांपेक्षा कमी गुण देतात, असं अनेक देशांच्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडं त्याचं कारण शोधायला लांब जायला नको. पुरुष दवाखान्यातून आला की खाटेवर, आणि बाई आली की चार दिवसांत चुलीपुढं. धाप लागली तरी सांगायची नाही. घरातल्या माय-माउलीला झटका येऊन गेला असेल तर तिलाही पुरुषाइतकीच विश्रांती, फेरतपासणी आणि चालायला मोकळीक हवी.

*कर्जाची टोचणी.* उपचाराला काढलेलं कर्ज छातीवर असेल तर गुण वर जात नाहीत. म्हणून सवलती माहीत असाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. २०२३ च्या शासन निर्णयाने या योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवलं गेलं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटावं. स्टेंटच्या किमतीवरही केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. त्यामुळे बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली आहे का ते बघावं.

गुण वर कशानं जातात?

आपल्याच देशात या प्रश्नावर एक मोठा अभ्यास झाला. 'योगा-केअर' असं त्याचं नाव. देशभरातल्या २४ केंद्रांवर झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण त्यात घेतले. अर्ध्यांना नेहमीचा उपचार आणि आरोग्यशिक्षण दिलं. बाकीच्यांना त्याच्या जोडीला तीन महिन्यांत १३ सत्रांमधून सोपी योगासनं, प्राणायाम, ध्यान आणि राहणीबद्दलचं मार्गदर्शन दिलं. २०२० साली निकाल आला. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. पण रुग्णांनी स्वतःच्या तब्येतीला शंभरपैकी दिलेले गुण योगवाल्यांत ७७ आणि दुसऱ्या गटात ७५.७ आले. फरक लहान आहे, पण खरा आहे. आणि आजारापूर्वीची कामं पुन्हा करू लागण्यात योगवाले पुढे राहिले. योगानं ब्लॉक विरघळतो असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. गोळ्यांच्या जोडीला योग करावा, गोळ्यांच्या ऐवजी नव्हे.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण तर सर्वांना ठाऊक असेल. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. स्वतः डॉक्टर असून आपल्याला हे का झालं, याचा त्यांनी शोध घेतला. आहार, चालणं, योगासनं, ध्यान, कामाची धावपळ, मनातला राग, सगळ्याची झाडाझडती घेऊन जगण्याची घडी बदलली आणि तो अनुभव 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लिहिला. मराठीत ते पुस्तक घरोघर वाचलं गेलं. आजाराला 'साक्षात्कारी' हे विशेषण लावावंसं वाटलं, यातच सगळं आलं. आजारी पडण्यापूर्वी ज्या जगण्याला आपण चांगलं म्हणत होतो, ते तितकं चांगलं होतं का, असा प्रश्न आजार विचारतो.

शास्त्रज्ञांनाही ही गोष्ट ठाऊक आहे. आजारानंतर माणसाची मोजपट्टीच बदलते. उपचाराआधी ज्यानं स्वतःला ६० गुण दिले, तोच वर्षानं म्हणतो, 'तेव्हा मी तिशीतच होतो, मला कळत नव्हतं.' दुसरा माणूस उलटं करतो. हळूहळू अपेक्षा कमी करत जातो आणि अंगणातल्या अंगणात फिरूनही 'मजेत आहे' म्हणतो. म्हणून नुसत्या आठवणीवर विसंबू नये. गुण त्या त्या वेळी लिहून ठेवावेत.

आपली घरची गुणपत्रिका

सिअ‍ॅटलची प्रश्नावली तिकडच्या राहणीला धरून आहे. आपल्याकडच्या राहणीला धरून पुढची यादी दिली आहे. ही शास्त्रीय चाचणी नव्हे, घरच्या वहीतली नोंद आहे. प्रत्येक कामासमोर गेल्या चार आठवड्यांचा विचार करून गुण लिहावेत. न थांबता जमलं तर २, थांबत थांबत जमलं तर १, जमलं नाही किंवा भीतीनं सोडून दिलं तर ०. छातीच्या हाडाची जखम भरेपर्यंत डॉक्टरांनी जे मना केलं असेल ते करून बघू नये. तिथं रेघ ओढावी.

१. स्वतःची आंघोळ, कपडे.
२. घरात आणि अंगणात वावरणं.
३. वस्तीपासून बांधापर्यंत सपाट वाटेनं चालत जाणं.
४. एक जिना किंवा देवळाच्या पायऱ्या चढणं.
५. अर्धी बादली पाणी आणणं.
६. पिकाला पाणी देताना तासभर दारं धरणं.
७. चढाची वाट चालणं. म्हैसमाळच्या चढाचा थोडा भाग धरा, नाहीतर वेरूळच्या लेण्यांतल्या पायऱ्या.
८. खुरपणी, गोठ्यातली झाडलोट, स्वयंपाक यांपैकी आपलं नेहमीचं काम.
९. रात्री सलग झोप.
१०. आठवडी बाजार, लग्नकार्य, सप्ताह, चार माणसांत बसून बोलणं.

याखाली तीन गोष्टी लिहाव्यात : चार आठवड्यांत छातीत किती वेळा भरून आलं, जिभेखालची गोळी किती वेळा लागली, भीतीनं कोणतं काम टाळलं. आणि शेवटी शंभरपैकी एक आकडा : आज माझी तब्येत किती?

ही नोंद उपचाराआधी, मग एक महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं करावी. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावी, पण आकडा नातवाचा नको, स्वतःचा हवा. फेरतपासणीला जाताना, मग ती तालुक्याच्या दवाखान्यात असो, छत्रपती संभाजीनगरला घाटीत असो की खाजगीत, ही वही बरोबर न्यावी. 'बरं हाय' एवढ्यावर न थांबता पान उघडून दाखवावं.

गुण वाचायचे कसे?

आकडे महिन्यामहिन्यानं सावकाश वर जात असतील तर गाडी रुळावर आहे. दुखणं शून्य पण कामाचे गुणही खालीच, तर भीती किंवा उदासी आहे का ते बघावं आणि डॉक्टरांना विचारून चालणं वाढवावं. कामाचे गुण चांगले असून अचानक दोन-चार दिवसांत खाली आले, बसल्या जागी छातीत भरू लागलं, रात्री धाप लागून उठावं लागलं, पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि सर्वांत मोठा धोका गुण चांगले असताना असतो. माणसाला ठणठणीत वाटतं, म्हणून तो गोळ्या बंद करतो. लक्षात ठेवा, रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या 'बरं वाटावं' म्हणून नसतात. त्यांचं काम आतल्या आत चालतं, अंगाला जाणवत नाही. नवा स्टेंट असताना रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानं बंद केली तर स्टेंटमध्येच गाठ होऊन जिवावर बेतू शकतं. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. बिडी, तंबाखू, गुटखा यांच्याबाबतही हेच. गुण ९० झाले म्हणून एक चिमूट चालते, असं नाही.

श्रावणात शनिवारी संभाजीनगरहून भद्रा मारुतीला रात्रभर चालत येणारे भाविक आपण दरवर्षी बघतो. उपचार झालेल्या प्रत्येकाला तेवढं चालता येईलच असं नाही, आणि यायलाच हवं असंही नाही. पण मागच्या वर्षी दारापर्यंत चालणारा माणूस यंदा बांधापर्यंत पोहोचला असेल, तर तो उतारा वाढला असं समजावं. तो किती वाढला हे ज्याचं त्यालाच ठाऊक. तेव्हा ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्या सभासदांनी आज एक वही करावी, पहिल्या पानावर तारीख घालावी आणि रुग्णाला शांतपणे विचारावं, 'आज शंभरपैकी किती?'